शरणपूर रोडचा 'बायबलच्या नजरेतून' शाळेचे विषय शिकवणारा क्लास: आमचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, साडेतीन स्टार. गणिताला पाचच्या पाच, विज्ञानाला कोण शिकवतंय त्यावर अडीच ते चार, आणि इतिहासाला एक, तोही पोरं वेळेवर घरी येतात म्हणून.

क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. चालवणारी माणसं आपल्याच मंडळीतली (म्हणजे चर्चमधली) आहेत, रविवारी उपासनेला समोरासमोर यायचंय आणि मला उगाच भांडण नकोय. नाशिकच्या शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत एका बंगल्याच्या तळमजल्यावर आहे एवढं पुरे. आमची मोठी सातवीला, धाकटा पाचवीला, दोघं सेमी इंग्लिशला, आणि मी स्वतः सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला आहे, त्यामुळे मोजमाप आणि पुरावा याची जरा सवय लागलीय, रिव्ह्यू वाचताना ते लक्षात ठेवा.

तर हे नेमकं आहे काय? संडे स्कूल नाही, हे पहिलं. शाळा सुटल्यावर तीन संध्याकाळ आणि शनिवारी सकाळ, शाळेचेच विषय, बालभारतीचीच पुस्तकं, पण त्यामागचा विचार ख्रिस्ती. म्हणजे जग देवाने बनवलंय म्हणून त्यात शिस्त आहे, शिस्त आहे म्हणून गणित चालतं आणि विज्ञानाला नियम सापडतात. माणूस देवाच्या प्रतिमेचा म्हणून इतिहासात गुलामसुद्धा राजाइतकाच मोलाचा. आणि माणूस पापी पण आहे म्हणून नागरिकशास्त्रात कुणा एकाच्या हातात सगळी सत्ता देऊ नये. निर्मिती, पतन (माणूस पापात पडला), तारण (देवाने सोडवलं) अशी तीन खणांची चौकट, आणि प्रत्येक धडा त्यात कुठे बसतो ते बघायचं. ही काही यांची स्वतःची आयडिया नाही. हॉलंडमध्ये अब्राहम कायपर म्हणून होते, १८८० साली त्यांनी ॲमस्टरडॅमला याच विचाराची युनिव्हर्सिटी काढली आणि पुढे १९०१ ते १९०५ देशाचे पंतप्रधानही होते. जगण्यातला कुठलाही कोपरा ख्रिस्ताच्या मालकीबाहेर नाही, मग शाळेचा वर्ग तरी कसा असेल, असं त्यांचं म्हणणं. मला हा विचार पटतो, म्हणूनच पोरांना घातलं. प्रश्न असा की शरणपूर रोडवर तो वर्गात उतरतो का, आणि उत्तर विषयागणिक बदलतं.

गणितापासून सुरू करतो कारण तिथे बोलायला मजा आहे. गणिताला एक रिटायर बाई आहेत, आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलेल्या, आवाज असा की गल्लीत ऐकू येतो. मला वाटलं होतं की या पण करणार ते नेहमीचं, म्हणजे उदाहरणात रामूच्या पाच आंब्यांऐवजी पेत्राचे पाच मासे टाकायचे आणि झालं बायबलचं गणित. तसलं त्या अजिबात करत नाहीत. एका शनिवारी पोरांना न्यायला थोडा लवकर गेलो तर आत पितळी घंगाळ मधोमध ठेवलेलं, भोवती सगळी पोरं उकिडवी बसलेली, आणि एकजण सुतळी आतल्या बाजूने बोटांनी दाबून दाबून फिरवतोय आणि ती सारखी निसटतेय. बायबलमध्ये १ राजे ७ मध्ये शलमोन राजाच्या मंदिरातल्या मोठ्या ओतीव सागराचं (म्हणजे पाण्याच्या प्रचंड गोल धातूच्या भांड्याचं) वर्णन आहे ना, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दहा हात, आणि घेर तीस हात. आता वर्तुळाचा घेर भागिले व्यास म्हणजे पाय, ३.१४, पण इथे तर ३ येतंय. बायबलची चेष्टा करणारे लोक हे वाक्य कायम दाखवतात आणि बऱ्याच विश्वासणाऱ्यांना ते माहीतच नसतं. बाईंनी ते स्वतःहून पोरांपुढे ठेवलं. मग म्हणाल्या पुढे तीन ओव्यांनी काय लिहिलंय वाचा, काठ चार बोटं जाड होता. आता मोजा, रुंदी काठाच्या बाहेरून बाहेर घ्या आणि घेर आतून घ्या.

घंगाळाची रुंदी बाहेरून ४२ सेंटिमीटर भरली, काठ दोन्हीकडे सेंटिमीटरभर, आतून सुतळी साधारण एकशे साडेपंचवीस सेंटिमीटर. भागाकार केला तर २.९९. पोरांचे चेहरे बघण्यासारखे होते. पण खरी गोष्ट त्यानंतरची. एक पोरगं ओरडलं, म्हणजे सिद्ध झालं बाई! आणि बाई म्हणाल्या, काही सिद्ध नाही झालं, हे *असू शकतं* एवढंच झालं, कदाचित लिहिणाऱ्याने मोठं माप म्हणून सरळ गोल आकडा सांगितला असेल, तू बाजारातून येतोस तेव्हा एकोणतीस रुपये साठ पैसे सांगतोस का तीस सांगतोस, दोन्ही शक्य आहे, वहीत दोन्ही लिही. मी क्वालिटीत वीस वर्षं जे नव्या पोरांना सांगून थकलो ते या बाईंनी घंगाळावर दहा मिनिटांत सांगितलं, की मोजलं कुठून ते लिहा आणि जेवढं दिसतंय तेवढंच म्हणा.

नोहाच्या तारवाचं पण असंच. ३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर धरलं तर १३५ मीटर बाय साडेबावीस बाय साडेतेरा. पोरांना गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर नेऊन १३५ मीटर चालायला लावलं, आधी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने मोजून बघितलं आणि प्रत्येकाचं तारू वेगळ्या लांबीचं आलं, धाकट्याचं सगळ्यात लहान, त्यावरून घरी येऊन रडारड. मग घनफळ, ४१ हजार घनमीटरच्या आसपास. हे किती म्हणजे किती हे समजावं म्हणून टँकर, आपल्याकडे उन्हाळ्यात येतो तो दहा हजार लिटरचा, तसे चार हजार शंभर टँकर. आता धाकट्याला लिटर आणि घनमीटर जन्मात विसरता येणार नाही. योसेफाने मिसरात पिकाचा पाचवा हिस्सा साठवला त्यावरून शेकडेवारी, खोट्या तराजूचा देवाला वीट येतो या नीतिसूत्रावरून वजनकाट्याची चूक कशी शोधायची, हे सगळं त्या करतात. आणि महत्त्वाचं म्हणजे शाळेचा सिलॅबस पण पूर्ण होतो, मोठीचे गणिताचे मार्क वाढलेत, बाकी काहीही असो आई-बापाला शेवटी ते बघावंच लागतं.

विज्ञानाला दोघं आहेत. जीवशास्त्राला एक टीचर, त्या मूळच्या नर्स, आणि बाकी विज्ञान-भूगोलाला एक तरुण सर.

टीचरचं आधी. ऑक्टोबरमध्ये त्यांनी एका पालकाच्या दिंडोरीच्या बागेत पोरांना नेलं, द्राक्षाच्या छाटणीला. बायबलमधलं योहान १५, म्हणजे येशूचं बोलणं, सगळ्यांना पाठ, मी खरा द्राक्षवेल, माझा पिता माळी, फळ देणारा फाटा तो छाटतो म्हणजे अजून फळ येईल. आमच्या नाशिकच्या पोरांना हे वचन समजायला दुसऱ्या कुणाची गरज नसावी पण गंमत म्हणजे शहरातल्या अर्ध्या पोरांनी छाटणी कधी बघितलीच नव्हती. बागाईतदार काकांनी दाखवलं की एप्रिलला खरड छाटणी, तेव्हा फळासाठी नाही तर पुढच्या काड्या तयार व्हाव्यात म्हणून, आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी, ती फळासाठी. काडीवर डोळे (कोंब फुटायच्या जागा) मोजायचे, कुठल्या डोळ्यात घड आहे ते बघून कट मारायचा. कट मारल्यावर काही काड्यांच्या टोकातून पाणी ठिबकायला लागलं, पोरी एकदम गप्प. टीचरनी तिथेच मुळांचा दाब, शेंड्याचं संप्रेरक, शेंडा खुडला की खालचे डोळे का फुटतात, सगळं सांगितलं. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून मजूर पेस्ट लावत होते, हायड्रोजन सायनामाईडची, हातात ग्लोव्हज घालून, काकांनी पोरांना दहा फुटांवरच उभं केलं की हे विष आहे, हात लावायचा नाही. मोठीने घरी आल्यावर विचारलं की मग येशूच्या काळात पेस्ट नव्हती तर डोळे कसे फुटायचे. मी म्हटलं तिकडे हिवाळ्यात पुरेशी थंडी पडते, वेल झोपते आणि आपोआप उठते, आपल्याकडे तेवढी थंडी नाही म्हणून तिला औषध लावून उठवावं लागतं. हे मला टीचरनी सांगितलेलं असावं असं वाटत असेल तर नाही, हे मला काकांनीच चहा पिताना सांगितलं, क्लासमध्ये यायला हवं होतं ते.

त्याच बागेत अर्थशास्त्रपण झालं, न ठरवता. पेठ-सुरगाण्याकडून आलेली टोळी छाटणीला होती, ठेक्यावर, एकराच्या हिशोबाने. टीचरनी मत्तय २० काढला, द्राक्षमळ्याच्या मालकाने संध्याकाळी पाचला आलेल्या मजुरालाही दिवसभराची मजुरी दिली तो दृष्टांत. एका पोरीने सरळ विचारलं हे फेअर आहे का. काका म्हणाले, ताई, मी असा पगार वाटला ना तर उद्यापासून सगळे पाचलाच येतील. सगळे हसले, टोळीतल्या मावशी पण हसल्या, आणि मग त्याच मावशी म्हणाल्या की पाचला येणारा काही झोपून नव्हता ना राहिला, त्याला कुणी बोलवलंच नव्हतं, नाक्यावर उभा असेल बिचारा. दृष्टांतात अगदी तेच लिहिलंय, आम्हाला कुणी कामावर लावलं नाही. त्या मावशी ख्रिस्ती नव्हत्या, बायबल कधी वाचलं नसेल, पण नाक्यावर उभं राहणं म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. या एका ट्रिपसाठी चार स्टार, खरं तर साडेचार, पण येताना बसवाल्याने दोन तास उशीर केला.

आता सरांचं. माणूस चांगला, मनापासून शिकवतो, पण सगळं मटेरियल अमेरिकन व्हिडिओंवरून आणि ते जसंच्या तसं. बालभारतीच्या पाचवीच्या परिसर अभ्यासात उत्क्रांतीचा धडा आहे, दहावीच्या विज्ञान भाग दोनचा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती. सरांनी पाचवीला सांगितलं की पृथ्वी सहा हजार वर्षांची, बाकी सगळं खोटं, पण *पेपरात पुस्तकातलं लिहा, मनात आपलं ठेवा*. हे धाकट्याने जेवताना सांगितलं आणि माझा घास अडकला.

माझी हरकत निर्मितीला नाही हो. देवाने आकाश आणि पृथ्वी उत्पन्न केली हे मी दर रविवारी उभा राहून म्हणतो आणि मानतो. माझी हरकत दोन गोष्टींना आहे. एक म्हणजे सहा हजार हा आकडा वचनात कुठेच लिहिलेला नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये वंशावळ्यांच्या बेरजा करून निर्मिती ख्रिस्तपूर्व ४००४ ला झाली असं काढलं, तो हिशोब त्यांचा. हिशोब करणारा कितीही देवभीरू असो, हिशोब तपासायला मनाई नसते. अनेक चांगले ख्रिस्ती लोक तो हिशोब मानतात, अनेक चांगले ख्रिस्ती लोक मानत नाहीत, आणि पोरांना हे दोन्ही सांगायला काय हरकत आहे, गणिताच्या बाईंनी घंगाळावर तेच तर केलं होतं. दुसरी हरकत जास्त मोठी. मनात एक आणि पेपरात एक, हे आम्ही पैसे देऊन शिकवून घेतोय? ज्या क्लासचा दावा आहे की सगळं सत्य देवाचं, तिथे पाचवीच्या पोराला दुटप्पीपणाची शिकवणी? त्यापेक्षा सरळ सांगा की पुस्तक असं म्हणतं, त्याची कारणं ही, आपल्यातले काही असं म्हणतात, त्याची कारणं ही, तू वाच.

पालक मीटिंगमध्ये मी सरांना विचारलं, आपण ज्या दगडावर बसलोय त्याचं काय करायचं. नाशिकच्या आजूबाजूचे सगळे डोंगर काळ्या पाषाणाचे, लाव्हाचे थरावर थर, दख्खनचा हा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असं भूगर्भवाले सांगतात. कसारा घाटात रस्त्याच्या कडेला कापलेला डोंगर बघा, दोन काळ्या थरांच्या मधे कुठे कुठे लालसर मातीचा पट्टा दिसतो. म्हणजे एक लाव्हा आला, थंड झाला, वरून झिजला, माती होईपर्यंत वेळ गेला, आणि मग दुसरा आला. हे पोरांना दाखवून मग काय ते बोला. सर म्हणाले जलप्रलयात झालं असेल. मी म्हटलं असेल पण बघायला तरी न्या, पांडवलेणी काय लांब आहे, दोन हजार वर्षांपूर्वी त्याच दगडात भिक्खूंनी छिन्नीने खोल्या कोरल्यात, पायऱ्या चढता चढता हात लावून बघता येतं. ट्रिप अजून निघालेली नाही.

भिंतीवर एक चार्ट आहे, देवाला मानणारे शास्त्रज्ञ. केप्लर, न्यूटन, फॅरेडे, मॅक्सवेल, मेंडेल. चांगला चार्ट आहे, पोरांना कळलं पाहिजे की बुकबाईंडरकडे कामाला असलेला गरीब पोरगा मायकेल फॅरेडे पुढे विजेचा राजा झाला आणि शेवटपर्यंत आपल्या छोट्याशा मंडळीतच राहिला, काही वर्षं तिथे वडील (म्हणजे मंडळीचा पुढारी) म्हणून सेवाही केली. मेंडेल तर मठातला साधू, मठाच्या बागेत वाटाणे लावून १८६६ मध्ये आनुवंशिकतेचे नियम छापले. पण चार्टवर जॉर्ज लमेत्र नाही. तो कॅथलिक पाद्री, विश्व पसरतंय आणि सुरुवातीला सगळं एका ठिकाणी होतं हे सांगणाऱ्या पहिल्यांपैकी एक, ज्याला आज बिग बँग म्हणतात. त्याला घेतलं की सहा हजार वर्षांची अडचण होते म्हणून बहुतेक घेतलं नसावं. न्यूटन त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानत नव्हता हे चार्ट सांगत नाही, आणि १६३३ ला गॅलिलिओवर खटला चर्चनेच भरला होता हे तर कुठेच नाही. आमचेच लोक चुकले तेव्हाचं पण शिकवा की, पतन हा तुमच्याच चौकटीतला मधला खण आहे.

आता इतिहास. इथे मी जरा तापतो, आधीच सांगतो.

इतिहासाला यांची स्वतःची नोट्स नाहीत, बाहेरून मागवलेल्या रंगीत पुस्तिका आहेत, अमेरिकेतल्या, गुळगुळीत कागद, सेटचे पैसे वेगळे. त्यात १६२० चं मेफ्लॉवर जहाज, प्लिमथची वसाहत, थँक्सगिव्हिंगची टर्की, वॉशिंग्टन प्रार्थना करताना. गणितात डॉलर-सेंट आणि इंच येतात ते बाईंनी फाडून टाकले म्हणून तिथे वाचलो, पण इतिहासाला तसं कुणी नाही. मोठीला मेफ्लॉवरवर किती लोक होते ते पाठ आहे. तिला विचारलं शरणपूर हे नाव कशावरून पडलं, तर म्हणे बसस्टॉप आहे. क्लासमधून बाहेर पडून चालत जाता येईल इतक्या अंतरावरची गोष्ट!

शरणपूर १८५४ च्या सुमाराला चर्च मिशनरी सोसायटीने वसवलं. अनाथ पोरं, गाव सोडायला लागलेले नवे ख्रिस्ती, आणि आफ्रिकेतली मुलं. हो, आफ्रिकेतली. समुद्रात गुलामांची गलबतं इंग्रजी आरमार अडवायचं, त्यातली सुटका झालेली मुलं मुंबईला आणायचे आणि त्यातली कितीतरी नाशिकला पाठवायचे. इथे त्यांना लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. इंग्रजी पुस्तकांत त्यांना नासिक बॉइज म्हणतात. त्यातला एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरलेले प्रसिद्ध मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ च्या मे महिन्यात आताच्या झांबियात वारले तेव्हा हा तिथे होता. बरोबरच्या लोकांनी, सुसी आणि चुमा हे त्यांचे जुने सोबती, शव सुकवून गुंडाळून महिनोन्महिने पायी समुद्रापर्यंत आणलं. काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, आणि त्या वेळी प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या जेकबने, झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत हा होता. नाशिकचे पाद्री विल्यम प्राइस पुढे आफ्रिकेला गेले आणि मोंबासाजवळ सुटका झालेल्या गुलामांची वस्ती उभारायला नाशिकचीच माणसं उपयोगी पडली, तिचं नाव फ्रीअर टाउन.

आता सांगा, निर्मिती-पतन-तारण शिकवायला यापेक्षा चांगला धडा कुठला? माणूस देवाच्या प्रतिमेचा, त्याला माणसानेच बाजारात विकलं, त्याची सुटका झाली, तो शिकला आणि दुसऱ्यांच्या उपयोगी पडला. आणि यात अवघड प्रश्न पण आहेत, ते पण विचारा, की सुटका झालेल्या मुलांना स्वतःच्या देशाऐवजी हजारो मैल लांब का पाठवलं, त्यांना नवी नावं का दिली, त्यांना कुणी विचारलं का. सातवीची पोरगी हे विचारू शकते, माझीने विचारलं. हे सगळं बघायला जायला बस लागत नाही, फी लागत नाही, आणि तरी हे लोक पोरांना टर्की रंगवायला देतात. जलालपूर तर गंगेच्या (म्हणजे आपल्या गोदावरीच्या) काठाने जवळच, लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर, नवरा १८९५ ला बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला आणि या बाईने पाच वर्षं झगडून, स्वतःच्या मनाने विचार करून मग १९०० मध्ये घेतला. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. एकीचंही नाव नाही पुस्तिकेत. कसं असेल, पुस्तिका छापणाऱ्याला नाशिक माहीतच नाही. त्याचा काय दोष, मागवणाऱ्याला तर माहीत आहे ना.

मी हे हेडसरांना बोललो. ते म्हणाले भाऊ, तुमचं बरोबर आहे पण नोट्स कोण बनवणार. हे मात्र खरंय. बाईंसारखी माणसं एकेका विषयाला मिळाली तर हा क्लास कुठल्या कुठे जाईल. सध्या तसं नाहीये.

मराठी विषयाबद्दल फार लिहीत नाही, शिकवतात ठीक, निबंध तपासून देतात. नागरिकशास्त्र परीक्षेपुरतं.

बाकी प्रॅक्टिकल. एका विषयाचे महिन्याला सहाशे, चारही घेतले तर दोन हजार, पुस्तिकांचे वेगळे आणि ते घेणं कंपल्सरी असल्यासारखं सांगतात पण नाही घेतलं तरी चालतं, मी नंतर विचारून घेतलंय. बॅच पंधरा-सोळाची, शनिवारी जास्त. पंखे दोन, मे महिन्यात हाल. बूट बाहेर काढायला लागतात आणि पावसाळ्यात चपला भिजतात. पार्किंगचं विचारू नका, संध्याकाळी शरणपूर रोडवर गाडी लावणं म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको, टू व्हीलरवरच या. लेट झालं तर बाई पोरांना गेटपर्यंत सोडून स्वतः उभ्या राहतात, रिक्षावाल्याच्या भरवशावर सोडत नाहीत, हे आवडलं.

ख्रिस्ती नसलेली पोरं पण येतात, आमच्या बिल्डिंगमधला एकजण फक्त गणिताला येतो. सुरुवातीलाच आई-बाबांना स्पष्ट सांगतात की इथे प्रार्थना होते, वचन वाचलं जातं, नको असेल तर पोराला दहा मिनिटं उशिरा पाठवा, आणि तसं लिहूनही घेतात. त्याच्या आईला विचारलं, त्या म्हणाल्या आम्हाला काही अडचण नाही, घंगाळ आमचंच होतं!

यंदापासून फुलटाइम पण सुरू करतायत, म्हणजे शाळा सोडायची, दिवसभर इथेच, प्रत्येक पोराने आपापल्या फळीच्या खणात भिंतीकडे तोंड करून पुस्तिका भरायच्या, शंका आली की छोटा झेंडा उभा करायचा, आणि दहावी एनआयओएसमधून (म्हणजे मुक्त शाळेच्या बोर्डातून) द्यायची. एनआयओएस सरकारी आहे, सर्टिफिकेट चालतं, त्याबद्दल गैरसमज नको, दहावीला वय चौदा पूर्ण लागतं आणि परीक्षा वर्षातून दोनदा असते. पण सातवीच्या पोरीला दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसवायला माझी तयारी नाही. जी पोरं घंगाळाभोवती उकिडवी बसून भांडत शिकतात तीच पोरं फळीच्या खणात काय शिकणार ते मला समजत नाही. ज्यांची पोरं शाळेत खरंच त्रासात आहेत त्यांनी विचार करा, बाकीच्यांनी आधी एक दिवस तिथे पूर्ण बसून बघा, मगच पैसे भरा, कारण फुलटाइमची फी वर्षाची एकदम घेतात आणि परत मिळत नाही असं पावतीवर बारीक अक्षरात छापलंय.

आम्ही जूनपासून दोघांना गणित आणि जीवशास्त्र ठेवतोय, इतिहास बंद. विज्ञान-भूगोलाचं सरांनी पांडवलेणीची ट्रिप काढली तर बघू. डेमो क्लास फुकट असतो, जाणार असाल तर शनिवारी सकाळी गणिताचाच मागा, आणि डेमोनंतर ऑफिसात पुस्तिकांचा सेट हातात ठेवतील तो लगेच घेऊ नका, आमचा वापरलेला आहे, अर्धा कोराच आहे, कुणाला हवा असेल तर सांगा.